सोळावी सुधारणा

दुपारचे तीन वाजलेत, पाचला सभा. मिरजेच्या ‘श्रवणदीप’च्या कचेरीत शालन बोरगावे नव्या नियमावलीचा मसुदा वाचतेय आणि पंख्याच्या घरघरीत अक्षरं एकमेकांवर रेलायला लागलीत. अंध मुलांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या या संस्थेची ती अकरा वर्षं सचिव. कारभाराचा आढावा घ्यायला आलेल्या बाईंनी सोळा सुधारणा सुचवल्या होत्या. पंधरा तिने मसुद्यात घातल्या. दोन कार्यकाळ झाले की पदाधिकाऱ्याने पद सोडावं, ही सोळावी थेट तिच्यावरच येत होती. ती तेवढी राहून गेली. डोळे मिटतात.

“सोळावी कुठाय गं?”

समोर उपळेकर सर बसलेत. संस्थेचे संस्थापक, एकवीस वर्षं अध्यक्ष, दोन वर्षांपूर्वी वारलेले. शर्टाचं बटण नेहमीसारखं भलत्याच काजात. शालन दचकत नाही. सरांना चहा सांगायला हवा, एवढंच तिच्या मनात येतं.

“सर, मी पद सोडलं तर सगळं विस्कटेल.”

“मी गेलो तेव्हा किती दिवस विस्कटलं होतं?”

“दोन महिने.”

“दोनच?” सरांचा चेहरा पडतो. “मला वाटलं, वर्षभर तरी.” आणि मग तेच खो खो हसत सुटतात.

कचेरी आता एसटी झालीय. कार्यकारिणी दोन-दोनच्या बाकांवर बसून पेंगतेय. सर दांड्याला धरून उभे.

“सभेचं इतिवृत्त मी सभेआधीच लिहून ठेवायचो. तुला माहीत होतं?”

“मीच टाइप करायचे की.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमच्यापुढे कोण बोलणार, सर?”

सर दांड्यावरून तिच्याकडे वाकतात. “आणि आता तुझ्यापुढे कोण बोलतं?”

मागच्या बाकावर फरझाना बसलीय. संस्थेचीच जुनी विद्यार्थिनी, जन्मापासून अंध, यंदा कार्यकारिणीवर आलेली. तिने हात वर केलाय. गेल्या सभेतही केला होता, आणि शालनने ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून विषय मिटवला होता.

एसटीच्या काचेवर वाफ धरलीय. शालन बोटाने लिहायला लागते. बोट जोर लावून चालतं, थांबत नाही. सर वाचतात, मान डोलावतात आणि चालत्या गाडीतून, आपला थांबा आल्यासारखे, आरामात उतरून जातात.

“मॅडम, मी लवकर आले का?”

शालन डोळे उघडते. दारात फरझाना उभी आहे. शालनच्या मुठीत पेन्सिल आहे, टोक मोडलेलं. फरझाना मेज चाचपत खुर्चीवर बसते आणि तिची बोटं एकाएकी थबकतात.

“इथं रेक्झिनवर काय कोरलंय? कागदावरून थेट मेजावर आलंय.”

शालन वाकून बघते. अक्षर तिचंच, झोपेतलं, तिरकं.

“सोळावी सुधारणा,” ती म्हणते. “ऐक, वाचून दाखवते. आणि गेल्या वेळी तुला काय बोलायचं होतं, ते आधी सांग.”