इन्शिराहच्या टेबलाची बक्षिशी

आमच्या अलेक्झांड्रियाच्या बहारी भागात माशांच्या खानावळींना तोटा नाही, पण जिथे बाई वाढते अशी खानावळ एकच. तिच्या दारातल्या भट्टीवर मी उभा असतो. नाव शहाता, पण भट्टीचा कारागीर म्हणून सगळे 'उस्ता' म्हणतात. बोय मासा गव्हाच्या कोंड्यात घोळवायचा, निखाऱ्यावर टाकायचा, आणि वरचं कातडं काळं झालं तरी आतला रस राहील अशा बेताने उचलायचा, हे माझं काम. हात कामात असले तरी डोळे रिकामेच असतात. कोण कसं जेवतं, कोण बायकोवर कसं खेकसतं, कोण बक्षिशी देताना कसा छाती काढतो, ते सगळं मला इथून दिसतं. म्हणून इन्शिराहची हकीकत मीच सांगितलेली बरी. आमच्या वाढप्याला, झग्लूलला विचाराल तर तो म्हणेल, हे सगळं मीच घडवून आणलं.

इन्शिराह आधी मागच्या मोरीवर मासे साफ करायची. नवरा वारला तेव्हा हाजी फिकरीने, म्हणजे आमच्या मालकाने, तिला तिथे लावलं, आणि ती तिथेच राहिली. खवले काढा, कल्ले उपटा, पोटं फाडा. दिवसभर पाय ओल्यात. हातांना कायमच्या भेगा पडल्या, पण तोंड काही थांबलं नाही. मोरीतून तिने टाकलेला टोमणा माझ्या भट्टीपर्यंत ऐकू यायचा आणि बहुतेक वेळा तो माझ्यासाठीच असायचा.

एक दिवस हात पुसत ती गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली.

"हाजी, मला बाहेर वाढायला ठेवा."

"का गं? मोरीत काय कमी पडलं?"

"गुडघे गेले ओल्यात उभं राहून. आणि खरं सांगू? इतकी वर्षं माशांची तोंडं बघितली. आता थोडी माणसांची बघते."

हाजी हसला. झग्लूल हसला नाही. झग्लूल आमचा मुख्य वाढपी. मिशा अशा जपतो की दुसऱ्याने लेकरूही जपू नये.

"चार ताटं काय, तीही उचलेल," तो म्हणाला. "पण बक्षिशीचं काय करणार? गिऱ्हाईक उठतं, नोट दुमडून मुठीत घेतं, हात पुढे करतं. मी हात देतो, एकदा म्हणतो, 'राहू द्या, तुम्ही आलात हेच खूप.' तो म्हणतो, 'घ्या हो, पोरांसाठी.' मग मी घेतो. नोट या तळव्यातून त्या तळव्यात. हिचा तळवा कोण धरणार? भरल्या खानावळीत परका पुरुष हिचा हात दाबणार? संध्याकाळपर्यंत सगळ्या बहारीत बोभाटा होईल."

"नाहीच घेतली तर?" हाजीने विचारलं.

"तर आणखी वाईट. एकदा नको म्हटलं तर ती रीत. दोनदा म्हटलं तर अपमान. आमचा पैसा हिला विटाळाचा वाटला, असं गिऱ्हाईक म्हणेल आणि पुन्हा पायरी चढणार नाही."

झग्लूल मला आवडत नाही, पण तो खोटं बोलत नव्हता. नोट ताटाखाली ठेवून जाणारे आमच्याकडे परदेशी प्रवासी तेवढे. आमच्या माणसाला दिलेलं घेणाऱ्याच्या हातात पोचलेलं लागतं.

हाजी फिकरी मनाचा मऊ आणि धंद्याचा कडक. त्याने जपमाळ खाली ठेवली आणि निकाल दिला. उन्हाळ्याचा हंगाम संपेपर्यंत इन्शिराहने बाहेर वाढायचं. पण एकाही गिऱ्हाइकाने रागाने पाठ फिरवली, तर परत मोरी, आणि मग हा विषय पुन्हा काढायचा नाही.

पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला. गोदीतला एक सज्जन कारकून मित्रांना घेऊन आला होता. पोटभर जेवला. उठून त्याने नोट मुठीत धरून हात पुढे केला. इन्शिराहने आमच्या बायकांच्या पद्धतीने उजवा हात छातीवर ठेवला, मान लववली आणि म्हणाली, "राहू द्या भाऊ." तो म्हणाला, "घ्या हो." तिने पुन्हा हात छातीवरच ठेवला. बिचाऱ्याचा हात हवेत तसाच. मित्र बघतायत. त्याचे कान लाल झाले. तो तडक गल्ल्यावर गेला आणि म्हणाला, "तुमच्या बाईला आमचे पैसे चोरीचे वाटले काय?"

हाजीने त्याला बसवलं, चहा पाजला, घरी न्यायला कोळंबी बांधून दिली, तेव्हा कुठे तो शांत झाला. मग हाजी इन्शिराहकडे वळला. "याला मी सांभाळलं. पुढच्याला सांभाळणार नाही."

"मोरीतली तुझी जागा पुसून ठेवू का गं?" झग्लूलने विचारलं.

"ठेव की," ती म्हणाली. "गुडघे टेकायला तुलाच लागेल."

बोलली झोकात, पण दुपारी भट्टीशी येऊन कोंड्याच्या पोत्यावर बसली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"उस्ता, ताटात ठेवा म्हणून सांगू?"

"ताटात मांजरासाठी ठेवतात."

"हातमोजे घालू?"

"मग म्हणतील, बाईला काहीतरी रोग आहे."

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मला वाईट वाटलं. मासे भाजणाऱ्या माणसाला असल्या वेळी काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून मी तिला गरम बोयचा एक तुकडा रोटीत घालून दिला.

परदेशी प्रवाशांच्या टेबलांवर ती कशीबशी निभावत होती, तोवर हंगाम भरात आला. अर्धं कैरो आमच्या किनाऱ्यावर उतरलं. अशातच दूर दक्षिणेकडचा एक धान्याचा व्यापारी सगळा कुटुंबकबिला घेऊन आला. डोक्याला भलं मोठं पागोटं, आवाज असा की बाजूच्या खानावळीतल्या माणसांनी वळून बघावं. ही दक्षिणेकडची माणसं दिलदार, पण मान दुखावला की संपलं. झग्लूलने त्यांना मुद्दाम इन्शिराहच्या टेबलावर बसवलं.

व्यापाऱ्याची आई काळ्या वस्त्रात गुरफटून टेबलाच्या टोकाला बसली होती. दात नव्हते. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. इन्शिराहने तिच्यासमोर मासा ठेवला, तिथेच वाकून काटे वेचून काढले, तांबूस भातात कालवून दिला. म्हातारी जेवत राहिली.

जेवण झालं. व्यापारी उठला. नोट दुमडली, हात पुढे केला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घे बाई, जिवाला आराम दिलास." माझ्या भट्टीवर एक मासा त्या वेळी करपला, ते मी कबूल करतो.

इन्शिराहने त्या हाताकडे बघितलंच नाही. ती म्हातारीजवळ गेली, तिच्या डोक्याचा मुका घेतला आणि म्हणाली, "आजी, तुझा लेक द्यायला मोठा आहे, पण परपुरुषाच्या हातून मी कशी घेऊ? तू दे ना. तुझ्या हातची मी नाही म्हणणार नाही."

म्हातारीने लेकाकडे बघितलं. तिच्या घरात पैसा पुरुषांच्या खिशातून निघे आणि पुरुषांच्या हातात जाई. तिने कधी कुणाला काही दिलं नसणार.

"आण इकडे," ती म्हणाली.

लेकाने मुकाट्याने नोट दिली. म्हातारीने ती उलगडली, उजेडाकडे धरली.

"एवढीच?"

"आई..."

"बाईने मला काटे काढून घास दिला. तू दिलायस कधी? काढ अजून."

सुनेने तोंडाला पदर लावला. व्यापाऱ्याने पुन्हा खिशात हात घातला. इन्शिराह रीतीप्रमाणे एकदा म्हणाली, "राहू दे आजी," आणि म्हातारीने "गप घे" म्हणत तिची मूठ बंद केली. तो पागोटेवाला जाताना चिडलेला नव्हता. आई खुश म्हणून तोही खुश होता.

मग काय विचारता! पुरुषांनी गावभर केलेली जाहिरात एकीकडे आणि बायकांनी एकमेकींच्या कानात सांगितलेली एकीकडे. सासवा, सुना, नणंदा आमच्या दारात येऊन विचारायला लागल्या, "इन्शिराहचं टेबल कोणतं?" नवरे मुकाट्याने मागे. आणि पाकीट नवऱ्याचं असलं की बायको हात आखडता घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. झग्लूल आपल्या रिकाम्या टेबलांवरची मिठाची भांडी सरळ करत बसायचा.

पण गडी हार मानणारा नव्हता. हंगामाच्या शेवटी नाखवा गाबेर आपल्या बोटीवरच्या माणसांना घेऊन आला. सगळे पुरुष. हा गाबेर म्हणजे मान दुखावला की बैलासारखा उधळणारा. पलीकडच्या खानावळीत वाढप्याने बक्षिशी परत केली म्हणून याने टेबल उलटं केलं होतं. झग्लूलने वाकून त्याला इन्शिराहच्या टेबलावर नेलं आणि स्वतः खांबाला टेकून उभा राहिला. मी मनात त्याला चार शिव्या हासडल्या.

इन्शिराहने वाढलं, सगळ्यांनी भरपूर हाणलं. गाबेर उठला. मूठ पुढे आली.

"घे बाई."

"राहू द्या नाखवा, तुम्ही आलात हेच खूप."

"घे म्हणतो."

टेबलाला एकही बाई नव्हती. सगळी खानावळ बघत होती. इन्शिराहने हात छातीवर ठेवला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"घेणार. का नाही घेणार? कमावलीय मी. नाखवा, आई आहे तुमची?"

"आहे. तिचं इथे काय?"

"कधी इथे जेवायला आणलीत?"

गाबेरच्या कपाळावर आठी पडली. "ती कशाला येईल? ती घरी करते."

"तुम्ही आणलेले मासे कोण साफ करतं?"

"तीच."

"मीही तेच केलं. मासे साफ करणारीला कुणी बसवून वाढत नाही, नाखवा. नोट खिशात ठेवा. शुक्रवारी तिला घेऊन या. मी तिला वाढते आणि माझी बक्षिशी तिच्या हातून घेते."

गाबेरचा हात तसाच पुढे होता. त्याच्या माणसांनी खुर्च्या मागे सरकवल्या. कुणीतरी टेबल उलटणार अशी माझी खात्री झाली, आणि मी चिमटा घट्ट धरला. त्याने नोट खिशात घातली. सलाम नाही, दुवा नाही. वळला आणि निघून गेला.

"हाजी," झग्लूल म्हणाला, "गिऱ्हाइकाने पाठ फिरवली. सगळ्यांनी बघितली."

"बघितली," हाजी फिकरी म्हणाला. "शुक्रवारपर्यंत थांब."

ते दिवस इन्शिराहने कसे काढले ते तिलाच ठाऊक. टोमणे बंद झाले. मीच दोनदा मुद्दाम खोड काढून पाहिली, ती नुसती ताटं पुसत राहिली. अशी गप्प इन्शिराह मला सोसवत नव्हती.

शुक्रवारची नमाज झाली. मशिदीतून लोंढा बाहेर पडला, टेबलं भरली, गाबेरचा पत्ता नाही. इन्शिराहने एक टेबल रिकामं धरून ठेवलं होतं. झग्लूलने तिथे दोनदा गिऱ्हाइकं आणली आणि तिने दोनदा परतवली. हाजीची नजर मोरीच्या दाराकडे गेली, ती मी बघितली.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर गाबेर दिसला. दंडाला धरून एका वाळक्या म्हातारीला चालवत होता, तिच्या पावलाने पाऊल टाकत. त्याच्या मागे त्याचे खलाशी, आणि प्रत्येकाच्या हाताला एक म्हातारी. काळी वस्त्रं, वाकलेल्या पाठी, भेगाळलेले हात. अख्ख्या बोटीच्या आया आल्या होत्या.

गाबेरची आई उंबऱ्याशी थबकली आणि चपला काढायला लागली.

"असू दे मावशी," इन्शिराह धावत पुढे गेली. "ही खानावळ आहे, तुझीच आहे. ये."

एक टेबल पुरेना. दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. ओढायला झग्लूलही आला. कुणी सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यांनी सवयीने माशांचे कल्ले उघडून बघितले आणि एकमेकींकडे बघून माना डोलावल्या. ताजे होते. मग त्या जेवल्या. कुणी मध्येच उठून पाणी आणायला जाऊ लागली की इन्शिराह खांद्याला धरून तिला परत बसवायची.

"झग्लूल," हाजी फिकरी गल्ल्यावरून म्हणाला, "मोरीसाठी दुसरी बाई बघ."

शेवटी गाबेरने खिशातून तीच दुमडलेली नोट काढली आणि आईच्या हातात ठेवली. आईने ती बघितली आणि त्याला परत दिली. मग तिने डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली. आत चुरगळलेल्या थोड्या लहान नोटा होत्या, तिच्या स्वतःच्या.

"लेकाचे कशाला देऊ?" ती म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा मला कुणी वाढलं. हे माझं मीच देणार."

एकदा नको म्हणायची रीत आहे. इन्शिराहने ती त्या दिवशी मोडली. तिने दोन्ही हात पुढे केले, आणि दोघींचे भेगाळलेले तळवे एकमेकींत तसेच राहिले.