रुमालाआडचा रोग

पुणेकरहो, अत्यंत गंभीर घोषणा: माझ्या टकलाला खाज सुटली होती! त्यासाठी विश्रांतवाडीच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी आयटी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर होता. तोंडावर रुमाल. बोलताना तो रुमाल चिमटीने जरासा उचलायचा आणि पुन्हा अलगद झाकायचा.

"लांब बसा सायेब. वंगाळ रोग हाय, बायकूकडनं आलाय."

त्याचा नंबर लागला. मध्ये नुसता पडदा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

डॉक्टर म्हणाले, "तोंडात आणि जांघेत फोड, अंगावर डाग मात्र नाही. म्हणून आधीचे डॉक्टर गुप्तरोग समजून फसले. फोड येण्याआधी कसली गोळी घेतली होती?"

"डोकेदुखीची."

"तिचीच ही रिअ‍ॅक्शन. हा रोग कुणाकडून लागत नाही."

मग तो ओरडलाच, "मंग तिला म्या उगंच घराबाहेर काढली व्हय?"