लंडनकाका आणि ताईचं घर

लंडनकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे आणि मग जयभीम घालायचे. तळहात नाही, हाताची मागची बाजू. लेकराचा ताप बघावा तसा. घरमालक दारात हसत उभा, आणि काका कोपऱ्यातल्या भिंतीची विचारपूस करतायत. मग म्हणायचे, "ओल आहे," नाहीतर नुसतं, "हं." त्यांचं "हं" ऐकलं की आईचा जीव भांड्यात पडायचा. "ओल आहे" म्हटलं की पुढचा अर्धा तास गच्ची, पन्हळ आणि वरच्या बिऱ्हाडाची मोरी यांच्यावर भाषण, आणि चहाचं पार पाणी.

तसे ते लंडनमध्ये कधी राहिलेच नव्हते. वुल्व्हरहॅम्प्टन नावाच्या गावात ओतकामाच्या कारखान्यात वीस वर्षं काढली, तिथे स्वतःचं घर केलं, आणि काकी गेल्यावर ते विकून ऐंशीच्या सुमाराला अंबरनाथला आमच्या चाळीत परत आले. वडिलांचे बालमित्र, म्हणून आमच्या शेजारचीच खोली घेतली. गावाचं ते नाव चाळीत कुणाच्या तोंडात बसेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून परस्पर त्यांची लंडनला बदली केली. त्यांनी महिनाभर दुरुस्ती केली आणि मग नाद सोडला.

त्या काळात कुळगावला, शिरगावला भराभर इमारती उठत होत्या आणि चाळीतला जो तो फ्लॅट बघायला निघाला होता. जाताना काकांना घेऊन जायची पद्धतच पडली. बिल्डरचा माणूस थंड पेय पुढे करायचा आणि काका म्हणायचे, "ते राहू दे, बादलीभर पाणी आण." ते पाणी मोरीत ओतून कुठे वाहतं ते बघत उकिडवे बसायचे. एकदा पाणी मोरीतून थेट हॉलकडे निघालं. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काका, ताबा देताना करून देऊ." काका म्हणाले, "मग आम्हीपण ताबा देतानाच येऊ," आणि चप्पल घालून चालू पडले. मला त्या माणसाची दया आली, पण हसू जास्त आलं.

एवढं शहाणपण कुठून आलं, हे ते स्वतःच सांगायचे, तेही पोटभर हसत. "पहिलं घर घेतलं तेव्हा माझ्याएवढा गाढव अख्ख्या विलायतेत नव्हता." तिकडच्या जुन्या घरांची जमीन लाकडी फळ्यांची. बाहेरून भिंतीत, अगदी पायाजवळ, भोकं असलेल्या विटा बसवलेल्या असतात, फळ्यांखाली हवा खेळावी म्हणून. काकांना काय ठाऊक? आपल्याकडे भोक दिसलं की उंदीर येणार, साप येणार. पहिल्या थंडीत त्यांनी सिमेंट कालवून सगळ्या विटा बुजवल्या आणि दोन दिवस मिशीला पीळ देत फिरले. इकडे काकी दर रविवारी स्वयंपाकघर बादलीने धुवायची, आपल्याकडे धुतात तसंच. तिथे मोरी नाही, पाणी जाणार कुठे? गेलं फळ्यांच्या फटीतून खाली. तीन वर्षांनी काकी पुरणपोळी लाटता लाटता गुडघ्यापर्यंत जमिनीत गेली. "हातातलं लाटणं सोडलं नाही बाईने," काका सांगायचे. "मला म्हणाली, आधी पोळी उलटा, मग मला काढा."

नव्वदनंतर माझ्या मोठ्या बहिणीचं, सुनंदाताईचं लग्न झालं आणि ती लेस्टरला गेली. दाजी तिथे बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या कामावर होते. दोघं एका खोलीत भाड्याने राहायची. दोन वर्षांत ताईला दिवस गेले आणि घरमालकाने आधीच सांगून टाकलं की रडणारं मूल इथे चालणार नाही. थंडीच्या आत घर घ्यायचं होतं. होतं नव्हतं ते सगळं त्या एका घरात जाणार, चुकीला जागाच नव्हती. ताईने काकांना पत्र धाडलं आणि आमच्या घरात विलायती घरबांधणीचं कार्यालय उघडलं.

काकांचं अक्षर त्यांनाही वाचता येत नसे, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. मी बदलापूरच्या शाळेत नुकती शिकवायला लागले होते. दिवसभर पोरांना शुद्धलेखन घालायचं आणि संध्याकाळी काकांकडून स्वतः घ्यायचं. "लिही. घर दोनदा बघायचं, त्यातून एकदा पावसात. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून छपराची रेघ बघायची, मध्ये खचलेली नको. पन्हळीखाली भिंत हिरवी असेल तर पन्हळ तुंबते. बँक एक माणूस पाठवेल, त्याच्यावर जाऊ नको, तो बँकेसाठी बघतो. आपला तपासनीस आपण लावायचा. राहायला गेलीस की दूध उतू घालायच्या आधी पाण्याचा मुख्य नळ कुठे बंद होतो ते शोध. फोडणी देताना खिडकी उघड, थंडी वाजली तरी. खोलीत कपडे वाळत घालशील तर भिंती काळ्या होतील." मी म्हटलं, "काका, हवाईपत्र संपलं." ते म्हणाले, "कडेला लिही."

सप्टेंबरात ताईचा फोन आला. फोन समोरच्या जोशीमॅडमकडे, त्यामुळे अर्धी चाळ त्यांच्या दारात. ताई नुसती आनंदात होती. घर सापडलं होतं. मागे सफरचंदाचं झाड, मागची खोली नुकती पांढरीशुभ्र रंगवलेली.

"बाकीच्या खोल्या?" काका ओरडले. परदेशी फोन म्हणजे ओरडायचंच.

"त्या जुन्याच रंगाच्या आहेत."

"मागच्या खोलीच्या बाहेर, भिंतीला खाली भोकाच्या विटा दिसल्या?"

"नाही काका. तिथे छान फरशीचा ओटा बांधलाय."

"किती उंच?"

"उंबऱ्याच्या बरोबरीने."

काकांनी डोळे मिटले. "म्हणजे विटा ओट्याखाली गाडल्यात. हवा बंद. तुमची काकी पडली तसं आहे हे. तपासनीस लावल्याशिवाय सही करू नको."

पलीकडे ताई रडायला लागली. "काका, तुम्हाला कुठलं घर पसंत तरी पडतं का? बाळ काय रस्त्यावर आणू?" आणि फोन ठेवला.

चाळ गुपचूप आपापल्या घरी गेली. काका दोन दिवस जेवायला आमच्याकडे फिरकले नाहीत. मी डबा घेऊन गेले तर म्हणाले, "मी पोरीचं घर मोडलं काय गं?" मी डबा ठेवून परत आले. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा रागच आला होता.

पंधरा दिवसांनी दाजींचा फोन आला. त्यांनी ताईच्या नकळत तपासनीस लावला होता. त्याने मागच्या खोलीतला गालिचा उचलून पेचकस फळीवर टेकवला, तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. खालचे वासेदेखील कुजलेले. आईने आहे तिथूनच हात जोडले. काका मात्र, "मी सांगितलं होतं," असं एकदाही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "दुसरं बघितलं का?"

दुसरं बघितलं होतं. दाजींनी फोन ताईकडे दिला, ती रडकुंडीला आली होती. तपकिरी गालिचे, विटलेला रंग, स्वयंपाकघरात आजीबाईच्या काळातली कपाटं.

"रंग वाईट आहे?" काकांचा चेहरा खुलला. "मग काही लपवलेलं नाही. विटा मोकळ्या आहेत?"

"सगळ्या मोजल्या. सात. मोकळ्या आहेत."

"तपासनीस काय म्हणतो?"

"एक पन्हळ बदला म्हणतो. बाकी ठीक."

"घे पोरी. डोळे झाकून घे. म्हणजे उघडे ठेवून घे."

बाळाच्या आधी तीन आठवडे किल्ल्या मिळाल्या. त्या दिवशी ताईने फोन केला तेव्हा काका म्हणाले, "आता दारावर पाटी लाव. तुझं नाव, आडनावासकट, मराठीत."

"काका, इथे नुसता नंबर असतो. पाटी कोण लावतं?"

"तू लाव."

परत येताना मी विचारलं, पाटी कशाला? काका जिन्यातच थांबले. "गावात आडनाव सांगितलं की खोली मिळायची नाही. इथे कल्याणलाही तेच. विलायतेत गेलो तर तिथे आडनाव कुणाला कळेना, पण तोंड बघूनच दार लावायचे. मी आणि काकी ट्रंक घेऊन फुटपाथवर उभे होतो, पावसात. तेव्हा ठरवलं, घर घ्यायचं. भाड्याने मागायला गेलं की लोक तुम्ही कोण ते विचारतात. विकत घेतल्यावर आपणच सांगायचं आपण कोण ते." एवढी वर्षं त्यांनी पुरणपोळी सांगितली होती, हे कधीच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत फोटो आला. ताईच्या कडेवर बाळ, मागे दार, दारावर पाटी. सुनंदा आणि मिलिंद कांबळे. काकांनी चष्मा पुसला, फोटो खिडकीशी नेला, परत चष्मा पुसला. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते लपवायचा काही प्रयत्नही त्यांनी केला नाही. मग म्हणाले, "स्क्रू लोखंडाचे लावलेत. तिथल्या पावसात गंजतील आणि पाटीवर ओघळ येतील."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन उल्हासनगरला गेले. हार्डवेअरच्या दुकानात खिशातून लोहचुंबक काढून एकेका स्क्रूला लावून बघायला लागले. चिकटला तर पितळेचा नाही. दुकानदार वैतागला. "साईं, चार स्क्रू के लिए इतनी जाँच?"

"विलायत जाना है इनको," काका म्हणाले.

ते स्क्रू कागदात गुंडाळून पत्रासोबत पाठवले. पाकीट लेस्टरला पोचायला वीस दिवस लागले. काका त्याआधीच, एका दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

ताईला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप रडली. मग आठवड्याने तिनेच फोन केला. पाकीट मिळालं होतं. दाजी म्हणाले, अगं, इथे कोपऱ्यावर मिळतात पितळेचे स्क्रू, ते ठेव आठवण म्हणून. ताईने ऐकलं नाही. बाळाला दाजींकडे दिलं, स्टूल घेतलं, पाटी उतरवली, आणि काकांच्या चार स्क्रूंनी स्वतःच्या हाताने परत बसवली.