आवाजाची बारा कार्डं

ओपल ड्रिस्कॉलला स्टुडिओत सगळे ‘ती ओक्लाहोमाची’ म्हणत. नाव लक्षात ठेवावं इतकी मोठी ती अजून झाली नव्हती. तीन वर्षांत तिने हॅट विकणारी केली, हॅट विकत घेणारी केली आणि एकदा बुडून मेलेली केली. त्रेपन्न साली मात्र तिला नायिकेची बहीण मिळाली, आणि एक अख्खं गाणं.

करार सहा-सहा महिन्यांचा. मुदत भरली की स्टुडिओ तो वाढवी, नाहीतर दार दाखवी. ओपलची मुदत शुक्रवारी भरत होती आणि त्याआधी मंगळवारी संध्याकाळी पोमोना गावातल्या थिएटरात चाचणी खेळ होता. प्रेक्षकांना काही न सांगता नवी फिल्म दाखवायची आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात अभिप्रायाचं कार्ड द्यायचं. त्या कार्डांवरून गाणी कापली जात, माणसं उडवली जात. कपडेपटातल्या बाईने ओपलला ठिकाण हळूच सांगून टाकलं.

मग काय! बोर्डिंगमधल्या अकरा पोरी आणि बारावी ओपलची ममा, अशी फौज बसमधून निघाली.

“चेहऱ्याचं काही लिहू नका,” ओपलने बजावलं. “चेहरे त्यांच्याकडे ढिगाने पडलेत. आवाज लिहा. नुसता आवाज.”

“आणि अ‍ॅक्टिंग?” मॅजने विचारलं.

“खोटं बोलायलाही काही मर्यादा असते बाई,” डॉटी म्हणाली, आणि अख्खी बस खिदळली.

“हसा, हसा!” ममा कडाडली. “नऊ वर्षांची असल्यापासून हिच्या घशाला थंड पाणी लागू दिलं नाही मी. उद्या ही तुम्हाला ओळखसुद्धा देणार नाही.”

थिएटरात तिचं गाणं आलं. पडद्यावर ओपल खिडकीपाशी गेली, मान वळवली, ओठ उघडले. आणि दुसरीच कुणीतरी गायली.

आवाज भरदार होता, गोड होता, आणि तिचा नव्हता. तिने दोन दिवस घसा ताणून रेकॉर्ड केलेलं गाणं कुणीतरी पुसून टाकलं होतं, आणि तिच्या ओठांच्या हालचालीवर नव्या बाईने श्वासन् श्वास बेतून बसवला होता. हा व्यवहार त्या सिनेमावाल्यांच्या गावात गुपचूप चाले. पडद्यावर नाव यायचं ते ओठ हलवणारीचंच.

“ममा, ही मी नाही.”

“कळलं मला. गप्प बस.”

“पोरींना थांबव. कार्डं नको म्हणावं.”

“वेड लागलंय? गाणं कापलं तर पडद्यावरून तूच जाशील, ती नाही.” ममाने पर्समधून पेन्सिल काढली, टोक जिभेवर ओलं केलं. “आवाज कुणाचा का असेना, तोंड तुझं आहे.”

पोरींनी इमानेइतबारे बारा कार्डं भरली.

शुक्रवारी निर्माते कॅन्ट्रेलसाहेब खुशीत होते. शेजारी संगीतखात्याचा हॅल्वर्सन.

“बस गं पोरी. हे ऐक. ‘आवाज म्हणजे मध!’ हे दुसरं. ‘अशा गळ्यासाठी आईने जीव ओवाळून टाकावा.’ कुणीतरी देवभोळी म्हातारी असणार.”

तिरकं अक्षर ओपलने ओळखलं.

“आवाज बदलायला तुम्हीच कुरकुरत होतात,” हॅल्वर्सन म्हणाला.

“हरलो बाबा! त्या बाईला सात वर्षांचा करार दे.”

“आणि मी?” ओपलने विचारलं.

“तुझ्याबद्दल कुणी एक अक्षरही लिहिलं नाही गं. वाईट लिहिलं असतं, तरी विचार केला असता.”

“ती कार्डं माझ्या मैत्रिणींची आहेत! मीच लिहायला लावलीत!”

कॅन्ट्रेलसाहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, आणि मग ते मनापासून हसले. “म्हणजे तुझ्या मैत्रिणींनासुद्धा तुझ्यापेक्षा तिचाच आवाज आवडला?”

पुढे ओपल टेलिव्हिजनवरच्या जाहिरातींत फ्रिजचं दार उघडून हसायची, साबणाचा फेस गालाला लावून हसायची. ममा आणखी सहा वर्षं जगली आणि आठवड्यातून एकदा तरी विचारायची, “बसमध्ये ‘चेहरा’ म्हणायला काय झालं होतं तुला?”

एकसष्ट साली हॅल्वर्सनचा फोन आला. तो आता टेलिव्हिजनच्या कंपनीत होता. नव्या मालिकेतली सतरा वर्षांची नटी जोडीन दिसायला छान, पण गळा चिरका. ओपलने तिच्या ओठांवर बसवायचं गाणं तासाभरात उरकलं, कुठे बोलणार नाही अशा अर्थाच्या कागदावर सही केली आणि बाहेर आली. बाहेरच जोडीन उभी होती.

“मॅडम, तुम्ही गाण्याच्या विभागातल्या ना? माझं गाणं ऐकलंत?”

“ऐकलं.”

“खरं सांगा हं. आई म्हणते, माझं सगळं या गाण्यावर आहे. गुरुवारी चाचणी आहे, कार्डं भरून घेणार म्हणे.”

ओपलने तिच्या कॉलरवरचा धागा टिपला.

“मैत्रिणी आहेत तुला?”

“चिक्कार!”

“सगळ्यांना घेऊन जा,” ओपल प्रेमाने म्हणाली. “आणि बजावून सांग, चेहऱ्याचं काही लिहू नका म्हणावं. नुसता आवाज.”