चीजच्या हातोडीने वाजवलेला डबा

हिल्का ओयानिएमीने एकतीस वर्षं डेअरीत जात्याएवढ्या चीजच्या चाकांचं वजन केलं. निवृत्तीनंतर ती गावातले बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करू लागली, तरी तराजू काही सुटला नाही.

तिचा हिशेब साधा होता. भिंतीतली वीज रानटी. तिला माणसाळवून मदरबोर्डाला घासघास भरवणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. डबा हलका, तर आत तांबं कमी आणि दानतही कमी. असला डबा एक दिवस घास भरवायचं सोडून थोबाडीत देतो आणि बोर्ड जागीच मरतो. म्हणून हिल्का आधी डबा तोलायची. "वजन खोटं बोलत नाही," ही तिची म्हण गावाने इतकी उचलली, की एका लग्नात नवरदेवालाच तिच्या तराजूवर चढवलं होतं.

जूनमधल्या त्या शनिवारी दुपारी तिचा शेजारी तेन्हो रौताला, निवृत्त बसड्रायव्हर, कॉम्प्युटर पोटाशी धरून धावत आला. संध्याकाळी सहाला गावच्या सभागृहात मेळावा होता. तिथे लोक घरी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमांनी पडद्यावर चित्रं नाचवत, सूर वाजवत. तेन्होने सात हिवाळे खर्चून चार मिनिटांचं बर्फाचं तळं रचलं होतं. ते चाले फक्त याच सव्वीस वर्षांच्या मदरबोर्डावर. दुसऱ्या कुठल्याही बोर्डावर तळं अडखळे.

"धूर आला गं! फुस्स झालं आणि धूर!"

हिल्काने वाकून हुंगलं. "बोर्ड वाचलाय. जळलाय तो डबा. पण आता भलता डबा जोडला, तर तुझं तळं कायमचं आटलं म्हणून समज."

"बये, असं बोलू नकोस. सात हिवाळ्यांचं बर्फ आहे ते."

हिल्काकडे जोडायला डबे दोन होते. एक वाचनालयाच्या जुन्या मशीनमधून काढलेला, मळका. दुसरा तेन्होनेच मागे टपालाने मागवून तिच्याकडे ठेवलेला, कोरा, वर तीन सोनेरी तारे. मळका भरला सव्वा किलो. कोरा दोन किलोंच्या वर!

"झाला निकाल," हिल्का म्हणाली.

पण कॉफीआधी स्क्रू फिरवायचा नाही, हा रिवाज. पाणी उकळेपर्यंत तेन्होला आनंद आवरेना. त्याने एक हात स्वतःच्याच पोटावर ठेवला आणि तो स्वयंपाकघरभर हुम्पा, म्हणजे जोडीने करायचा उड्यांचा नाच, एकटाच नाचू लागला. हिल्कालाही चेव आला. खिळ्यावर डेअरीतली चिमुकली हातोडी टांगलेली होती. चीज आतून पोकळ आहे की भरीव, ते ठोकून ऐकायची हातोडी. ती घेऊन हिल्का कोऱ्या डब्यावर ताल धरू लागली. टण, टण, टण, भद्द.

हात थांबला.

"नाच ना!" तेन्हो धापा टाकत म्हणाला.

"गप." टण. भद्द. "तेन्हो, हे चाक खराब आहे."

तिने डबा उघडला. आत करंगळीच्या नखाएवढा, वीज साठवणारा कपॅसिटर, दोन केविलवाण्या तारा, आणि बाजूला चिकटवलेली, काळा रंग फासलेली सिमेंटची वीट.

तेन्होने वीट नखाने खरवडून पाहिली. मग हिल्काच्या नाकातून पहिला फुत्कार निघाला.

"वजन..." तेन्हो म्हणाला.

"बोलू नकोस!"

"...खोटं बोलत नाही!"

हिल्का हसत हसत जमिनीवरच बसली. "अरे, मी तुझ्या तळ्यात वीट टाकत होते की रे!" कॉफी उतू गेली, आणि त्यावरही दोघं हसली.

डोळे पुसून तिने मळका डबा ठोकला, उघडला. आत तांब्याच्या जाड गुंडाळ्या, लोणच्यातल्या काकडीएवढे कपॅसिटर, सगळं कसं नेटकं. पण आज तिचा स्वतःच्या डोळ्यांवरही विश्वास नव्हता. "बोर्डाआधी याला ओझं ओढायला लावू. दिवे आण."

तेन्होने आपल्याच गाडीचे दिवे उपटून आणले. ते तासभर डब्यावर जळत राहिले, आणि मीटरचा काटा बारा व्होल्टवर ठाम उभा राहिला. चर्चमधल्या म्हाताऱ्या माणसासारखा, मान न हलवता.

सहाला सभागृहात तेन्होचं बोट बटणापर्यंत पोचेना. "तूच दाब."

हिल्काने दाबलं. क्षणभर पडदा काळा. मग निळं बर्फ पसरलं, त्याखालून एक सूर वर आला, बर्फ तडकलं, आणि पाणी चार मिनिटं वेड्यासारखं नाचत राहिलं, एकदाही न अडखळता. तेन्हो रडत होता आणि टाचेने हुम्पाचा ताल धरत होता.

बाहेर लख्ख उन्हात कुणीतरी विचारलं, "हिल्का, डबा किती किलोचा होता?"

"हलका होता," ती म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.

रविवारी तिने ताज्या चीजवर दाब द्यायला फडक्यात गुंडाळून तीच वीट ठेवली. तेन्होने पहिला तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला.

"कसं झालंय?"

"थांब," तो म्हणाला, "आधी हातोडी दे."