हनुवटीवरचं गोंदण

नळदुर्गच्या स्टँडसमोरच्या स्टुडिओतले काका कुठलीही वस्तू आधी खिडकीच्या उजेडात धरतात. फोटो असो, चष्मा असो की चहाचा ग्लास. वडिलांनी काढलेल्या जुन्या रंगीत स्लाइडींसाठी, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या फिल्मच्या तुकड्यांसाठी, मला स्कॅनर घ्यायचा होता. गेलेल्या आईचे रंगीत फोटो तेवढेच. महिनाभर मोबाइलवर अभ्यास करून, धूळ आपोआप पुसणारा महागडा स्कॅनर मनात पक्का करून, ज्ञान मिरवायलाच मी स्लाइडी घेऊन त्यांच्याकडं गेलो.

"घ्या की. पन आधी आमच्या मशीनवर ते धूळ पुसणं बघून घ्या," म्हणत त्यांनी आईची एक स्लाइड स्कॅन केली. पडद्यावर आई अगदी चकचकीत आली. मी खूश. काकांनी मात्र स्लाइड खिडकीत धरली, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा स्लाइडकडं.

"साहेब, आईंच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?"

मशीननं ते धूळ समजून पुसलं होतं. काकांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं. मी तर तिच्या मांडीवर वाढलेला.

आता माझ्याकडं साधा स्कॅनर आहे आणि काकांनी दिलेला मऊ ब्रश. प्रत्येक स्लाइड मी आधी खिडकीत धरतो. काल चहाचा ग्लासही धरला, तेव्हा बायको म्हणाली, "तुमी बी काकाच झालात की."