रेघेपर्यंत पाणी

काटेकाकांचं आयुष्य वजनकाट्यावर गेलं. आधी भरलेला ट्रक, मग रिकामा ट्रक. मधला फरक म्हणजे माल. डोंगरातल्या सायकल शर्यतीतही त्यांच्या वाट्याला हेच आलं. शर्यतीआधी वजन, शर्यतीनंतर वजन. मधला फरक म्हणजे घामावाटे गेलेलं पाणी. किलो घटलं की लिटरभर प्यायचं. काम फुकटचं, पण काकांचा रुबाब असा, की जणू शर्यत तेच भरवतात.

त्या रविवारी मात्र त्यांचा आवाज चढला नाही. चिखलाने माखलेली एक मुलगी काट्यावर उभी राहिली.

"किती गेलं, काका?"

"दोन किलो. एक बाटली तशीच परत आणलीस."

"दगडांच्या उतारावर हँडलवरचा हात सोडवतच नाही हो!"

"मग पाठीवरची पाण्याची पिशवी घे, नळी तोंडाशी राहते. आता पी. ढोसू नकोस, घोट घोट घे."

ती पीत राहिली, काका बघत राहिले. त्यांना काहीच वाटत नव्हतं. दाढेच्या इंजेक्शननंतर गाल बधिर होतो, तसं कालपासून सगळं अंग झालं होतं.

काकूंचं डायलिसिस चार वर्षं चाललं होतं. तिथेही आधी वजन, नंतर वजन. फक्त गणित उलटं, काकूंच्या अंगात पाणी साठायचं. प्यायला दिवसाला पाऊण लिटर, वर थेंब नाही. काकांनी शर्यतीतल्या एका जुन्या बाटलीवर मार्करने रेघ मारली होती आणि रोज सकाळी ते तेवढंच भरून ठेवत. "लोकांच्या पोरांना पी पी म्हणून मागे लागता, आणि मला घोट मोजून देता," काकू म्हणायच्या. एकदा चोरून बर्फाचा खडा चोखताना सापडल्या, तेव्हा काकांनी दोन दिवस अबोला धरला होता.

काल डॉक्टरांनी काकांना एकट्यालाच आत बोलावलं. "त्यांचं हृदय आता साथ देत नाहीये. डायलिसिस झेपणार नाही. घरीच राहू दे. हवं ते खाऊ-पिऊ दे." काका "बरं" म्हणाले. बाहेर येऊन स्कूटरमध्ये पेट्रोल भरलं. घरी तोंड उघडेना, म्हणून सकाळी उठून शर्यतीला निघून आले.

संध्याकाळी काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. बाटली रिकामी. "आजचं संपलं माझं," त्यांनी आपणहून सांगून टाकलं.

काकांनी बाटली स्वयंपाकघरात नेली, गळ्यापर्यंत भरली आणि त्यांच्या हातात दिली. काकूंनी सवयीने दोनच घोट घेतले आणि किती उरलं ते बघायला बाटली उजेडात धरली. पाणी रेघेच्या बरंच वर होतं.

"अहो, रेघ चुकली की काय?"

"नाही. पी तू."

काकूंनी रेघेवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे उद्या डायलिसिसला जायचं नाही?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग बाटली त्यांच्यापुढे धरली.

"ओठ बघा किती सुकलेत. सकाळपासून घोटभर तरी प्यायलात का?"

काकांनी घोट घेतला. मग बाटली परत काकूंच्या हातात दिली.